नामदार गोखले : फौजेचा खर्च, मिठावरचा कर आणि गावातली शाळा

गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की आपल्या मुलांना दोन गोष्टी हमखास आठवतात. एक, गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं म्हणून बक्षीस नको म्हणणारा प्रामाणिक मुलगा. दुसरी, महात्मा गांधींचे राजकीय गुरू. परीक्षेला एवढं पुरतं. पण ज्या कामासाठी या माणसाने आयुष्याची शेवटची तेरा-चौदा वर्षं झिजवली, ते काम या दोन्हींत कुठेच येत नाही. ते काम होतं सरकारच्या जमाखर्चाचं. पैसा कोणाकडून घेता आणि कशावर घालता, हा प्रश्न ते दर वर्षी मार्च महिन्यात कलकत्त्याला जाऊन व्हाइसरॉयसमोर विचारत. फौजेवर इतका आणि शाळेवर एवढाच का, हे आकड्यांनिशी विचारत. आज त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. तुम्ही आठवीला किंवा दहावीला इतिहास शिकवत असाल तर उपयोगी पडेल. गणित शिकवत असाल तर कदाचित जास्तच.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. घरची स्थिती बेताची. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळ कागलला नोकरीत होते. शिक्षण कागल आणि कोल्हापूर इथे झालं. १८७९ मध्ये वडील गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले भाऊ गोविंदराव यांनी शिक्षण सोडलं आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाला शिक्षणासाठी पाठवत. म्हणजे कमावणाऱ्याने आपल्या संसाराला सात ठेवायचे आणि शिकणाऱ्याला आठ द्यायचे! मुलांना हे सांगताना इथे जरा थांबा. घरात पैसा कमी असताना तो कुठे जातो, यावरून त्या घराला काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं. हा मुलगा एकवेळ जेवून, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून शिकला, असं त्यांच्या चरित्रांत येतं. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. वय अवघं अठरा.

बी.ए. झालेल्या मुलाला त्या काळी सरकारी नोकरी सहज मिळाली असती. भावाने उपसलेले कष्ट बघता ती घ्यायला हवी, असं कुणालाही वाटलं असतं. पण १८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. पगार महिना ७५ रुपये, आणि तो मनासारखा वाढायची आशा नाही. शाळेत, मग फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवलं. जो विषय अडेल तो त्यांच्याकडे यायचा. शाळेसाठी त्यांनी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं आणि ते पुढे अनेक वर्षं देशभरातल्या शाळांत चाललं. सुट्टी लागली की कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी मागत गावोगाव फिरायचं, हेही त्यांच्याच वाट्याला. आपल्यातल्या ज्यांनी शाळेच्या छपरासाठी दारोदार पावती पुस्तक घेऊन फिरून पाहिलं आहे, त्यांना यातला शीण वेगळा सांगायला नको.

याच सुमारास त्यांना न्यायमूर्ती रानडे भेटले. रानड्यांची शिकवण्याची पद्धत कडक. सरकारी अहवालांचे गठ्ठे समोर टाकायचे, त्यातून टाचणं काढून घ्यायची, मसुदा लिहून घ्यायचा आणि मनासारखा नसेल तर पुन्हा लिहायला लावायचं. सार्वजनिक सभेचं त्रैमासिक आणि सरकारकडे जाणारे अर्ज यांच्या निमित्ताने हा अभ्यास वर्षानुवर्षं चालला. आणखी एक गुरू होते, त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही याची मला नेहमी खंत वाटते. गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरच्या सरकारी हायस्कूलचे हेडमास्तर. शेतसारा, लष्कर, विनिमयाचा दर, रेल्वे, कशाचेही आकडे त्यांच्याकडे टिपलेले असत. गोखले आपल्या भाषणांसाठी त्यांच्याकडून टिपणं मागवत आणि त्यावर बराच विसंबून राहत. म्हणजे ज्या भाषणांनी कलकत्त्याचं विधिमंडळ चकित झालं, त्यांचा कच्चा माल सोलापूरच्या एका हेडमास्तरांनी शाळा सांभाळून तयार केलेला होता.

या अभ्यासाची पहिली मोठी परीक्षा १८९७ मध्ये झाली. हिंदुस्थानचा कारभारखर्च तपासायला इंग्लंडमध्ये वेल्बी कमिशन नेमलं होतं. त्यापुढे साक्ष द्यायला दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रमण्य अय्यर यांच्याबरोबर गोखले गेले. वय तीस. समोर मुरलेले अधिकारी उलटतपासणी घेत होते. इंग्लंडच्या साम्राज्याला सोयीची असलेली फौज हिंदुस्थानच्या खर्चाने का ठेवायची, सीमेपलीकडच्या लढायांचं बिल इथल्या शेतकऱ्याने का भरायचं, असं त्यांनी तिथे मांडलं आणि आकड्यांवरून त्यांना कुणाला हलवता आलं नाही.

पण याच प्रवासात एक फार कडू प्रसंग घडला. पुण्यात तेव्हा प्लेग होता. घरं तपासायला गोरे सोल्जर लावले होते आणि त्यांच्या अत्याचारांच्या बातम्या पत्रांतून गोखल्यांना कळत होत्या. त्या त्यांनी विलायतेत जाहीरपणे सांगितल्या. परत आल्यावर त्यातल्या सर्वांत गंभीर आरोपांना पुरावा द्यायला कुणी पुढे आलं नाही, आणि त्यांनी सरकारची व सैनिकांची जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. भित्रा म्हणून त्यांना हिणवलं गेलं. या माफीबद्दल आजही दोन मतं आहेत आणि असोत. मला एवढंच दिसतं की त्यानंतरच्या त्यांच्या भाषणांत सरकारच्याच कागदात न सापडणारा आकडा शोधून सापडत नाही.

१९०१ च्या अखेरीस फिरोजशहा मेहतांनी प्रकृतीमुळे सोडलेली वरिष्ठ विधिमंडळातली जागा गोखल्यांना मिळाली. या सभेची रचना नीट समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. अध्यक्ष खुद्द व्हाइसरॉय, म्हणजे त्या वेळी लॉर्ड कर्झन. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं. अर्थसंकल्पावर मत द्यायचा हक्कच नाही. एक रुपया कमी करा असा ठराव मांडायचीही सोय नव्हती. ठराव मांडायची मुभा १९०९ च्या सुधारणांनंतर आली. मार्चअखेर एक दिवस चर्चा व्हायची, सभासदांनी बोलायचं, सरकारने ऐकून घ्यायचं आणि अर्थसंकल्प जसाच्या तसा अमलात यायचा. बहुतेक सभासद अर्थमंत्र्यांचं अभिनंदन करून खाली बसत.

२६ मार्च १९०२ रोजी पस्तीस वर्षांचे गोखले पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. त्या वर्षी सरकारने सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती. सगळीकडे वाहवा चालली होती. गोखल्यांनी अभिनंदनात सामील व्हायला नकार दिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : गेल्या पाच-सहा वर्षांत देशाने दोन भीषण दुष्काळ पाहिले, प्लेग पाहिला. अशा काळात रयत खंगलेली असताना तिजोरी मात्र भरते आहे, तर ही भरभराटीची खूण नाही. गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग ही शिल्लक आली कुठून? इथे गणिताचा मास्तर दिसतो. हिंदुस्थान सरकारला दर वर्षी इंग्लंडला पौंडांत मोठी रक्कम पाठवावी लागे. त्यात व्याज, पेन्शनी, लष्कराचा तिकडचा खर्च सगळं आलं. एका पौंडाचे २४० पेन्स. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाचा भाव १३ पेन्सपर्यंत उतरला होता, म्हणजे एक पौंड पाठवायला साधारण साडेअठरा रुपये लागत. सरकारने टांकसाळी बंद करून रुपया महाग केला आणि तो १६ पेन्सवर आणला. आता एका पौंडाला १५ रुपये पुरू लागले. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले आणि पौंड तर कोटीच्या वर पाठवायचे! हा भागाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्या, त्यांना आवडतो. रुपया पडत होता तेव्हा तोटा भरून काढायला म्हणून कर वाढवले होते. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला, १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. रुपया सावरल्यावर ते कर उतरवायला हवे होते. सरकार ते विसरलं. गोखल्यांनी आठवण करून दिली.

त्यातही मीठ. मिठाच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट हा कर होता. श्रीमंत माणूस गरिबापेक्षा दहापट मीठ खात नाही, उलट भाकरीबरोबर नुसतं मीठ-मिरची खाणाऱ्यालाच ते जास्त लागतं. शिवाय गुराढोरांना लागतं. त्यामुळे या कराचा खरा भार तळाच्या माणसावर पडतो, आणि कर वाढल्यावर लोकांचा मिठाचा वापर कमी होतो, हे त्यांनी खपाच्या आकड्यांवरून दाखवलं.

हा पैसा जात होता कुठे? सर्वांत मोठा वाटा फौजेचा. १८५७ नंतर इंग्रजांनी दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा शिपाई असं प्रमाण ठरवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साधारण ७५ हजार गोरे आणि दीड लाख हिंदी शिपाई होते. गोऱ्या शिपायाचा खर्च हिंदी शिपायापेक्षा कितीतरी जास्त, शिवाय त्याची भरती, प्रवास, प्रशिक्षण यांचं बिलही आपल्याकडूनच वसूल होई. १८८५ मध्ये रशिया अफगाणिस्तानच्या सरहद्दीवर आला म्हणून फौज एकदम सुमारे ३० हजारांनी वाढवली. रशियाचं भय ओसरलं तरी वाढलेली फौज तशीच राहिली. १८८४-८५ मध्ये १८ कोटींच्या आत असलेला लष्करी खर्च वीस वर्षांत ३२ कोटींवर गेला.

यावर गोखल्यांचं उत्तर भावनेचं नव्हतं. फौजच नको असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं ते असं : दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात आणि चीनमधल्या मोहिमेत इथून हजारो सैनिक बाहेर पाठवले. ते इतका काळ बाहेर असूनही हिंदुस्थानच्या संरक्षणाला धोका आला नाही. मग तेवढे सैनिक इथल्या गरजेपेक्षा जास्त आहेत असंच ना? ते साम्राज्याच्या कामासाठी ठेवायचे असतील तर साम्राज्याने पैसे द्यावेत. दुसरं, इतर देश थोडी खडी फौज ठेवतात आणि प्रशिक्षण घेतलेले नागरिक राखीव म्हणून तयार असतात. ते स्वस्त पडतं. इथे मात्र लोकांवर विश्वास नाही. हत्यार बाळगायला बंदी आणि हिंदी माणूस कितीही शूर असला तरी सुभेदार-मेजरच्या वर चढत नाही. म्हणजे सरकारच्या अविश्वासाची किंमत लोकांनीच करातून भरायची. मला त्यांच्या सगळ्या युक्तिवादांत हा सर्वांत बोचरा वाटतो.

आता शाळेकडे या. त्या वेळी पाचातल्या चार खेड्यांत शाळा नव्हती आणि आठातली सात मुलं निरक्षर वाढत होती. गोखले हे चित्र पुन्हा पुन्हा समोर ठेवत. १९०५ मध्ये सरकारने प्राथमिक शिक्षणासाठी वर्षाला ३५ लाखांचं जादा अनुदान दिलं आणि ते मोठं पाऊल म्हणून गाजलं. त्याच सुमारास सरसेनापती लॉर्ड किचनर यांची लष्कराच्या फेररचनेची योजना आली. खर्च एक कोटी पौंड, म्हणजे १५ कोटी रुपये, आणि हा नेहमीच्या लष्करी खर्चाच्या वर! ३५ लाखांची ४३ वर्षं होतील तेव्हा १५ कोटी भरतात. हा हिशेब माझा आहे, गोखल्यांचा नाही, पण त्यांना तो रुचला असता. जपानने रशियाला हरवल्यावर १९०६ मध्ये त्यांनी विचारलं की ज्याच्या भीतीने ही तयारी चालली आहे तो शत्रूच खिळखिळा झाला, इंग्लंडचा जपानशी तहही आहे, तर आता तरी ही योजना थांबवा आणि वाचलेला पैसा शिक्षणाला, आरोग्याला द्या. योजना थांबली नाही. पुढे रशियाशी समेट झाल्यावर तिचा वेग तेवढा मंदावला.

हे सगळं वाचून तुम्ही विचाराल, मग या भाषणांनी झालं काय? मतदान नाही, अधिकार नाही. पण अगदीच वाया गेलं नाही. १९०३ मध्ये मिठावरचा कर अडीच रुपयांवरून दोनवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. १९०३ मध्येच प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १००० रुपये उत्पन्नावर गेली, म्हणजे छोटे कारकून आणि दुकानदार सुटले. हे सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं म्हणणं बरोबर नाही, काँग्रेस हे वर्षानुवर्षं मागत होती. पण सरकारच्या आकड्यांनी सरकारलाच उत्तर देणारा माणूस समोर बसला असताना टाळाटाळ करणं अवघड होतं. पाच वर्षांत मिठाचा कर निम्म्याहून खाली आला हे लक्षात ठेवा, कारण मीठ म्हटलं की आपली मुलं थेट १९३० च्या दांडीवर उडी मारतात.

मधल्या काळातलं भराभर सांगते. १९०२ मध्ये ते फर्ग्युसनमधून महिना ३० रुपयांच्या पेन्शनवर निवृत्त झाले. १२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. टिळक आणि त्यांचे मतभेद, सुरतेची फूट, हे तुम्हाला माहीत आहे. टिळकांच्या बाजूच्या लोकांना हे अर्ज-भाषणांचं राजकारण मिळमिळीत वाटे आणि त्यात काही तथ्य होतंही. ज्या सभेत मत देता येत नाही तिथे कितीही उत्तम बोललं तरी शेवटी समोरच्याच्या मर्जीवर. ते पुढे शिक्षणाच्या बिलाच्या वेळी अगदी स्पष्ट झालं.

१८ मार्च १९१० रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याच्या दिशेने पावलं टाकावीत असा ठराव मांडला. सरकारने विचार करू असं आश्वासन दिलं, त्यांनी ठराव मागे घेतला. वर्षभर वाट पाहून १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःच विधेयक आणलं. ते वाचलंत तर आश्चर्य वाटेल इतकं सावध होतं. सगळ्या देशात एकदम सक्ती नाही. ज्या नगरपालिकेच्या किंवा लोकल बोर्डाच्या हद्दीत ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात आहेत, तिथेच आणि तेही सरकारची परवानगी घेऊन सक्ती लावायची. वय सहा ते दहा. आधी मुलगे, मुलींचं नंतर. महिना दहा रुपयांहून कमी मिळवणाऱ्या पालकाला फी माफ. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलायचा, दोन तृतीयांश सरकारने.

मुलींना मागे ठेवलं हे आज खटकतं, खटकायलाच हवं. आणि हेही सांगायला हवं की सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर कमिशनपुढे केली होती. शेतकऱ्याच्या सारापट्टीतून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर का, हा त्यांचा सवाल गोखल्यांच्या कितीतरी आधीचा. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्ती सुरू करून १९०६ मध्ये ती राज्यभर नेली होती. बडोद्याचा दाखला गोखले नेहमी देत : एका संस्थानाला जमतं, ते एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या सरकारला का जमत नाही?

सरकारचं उत्तर ठरलेलं, पैसा नाही. गोखल्यांनी त्याचाही हिशेब मांडला होता. एका मुलामागे वर्षाला पाच रुपये धरले तर सगळे मुलगे शाळेत आणायला सुमारे साडेचार कोटी जादा लागतील, त्यात सरकारचा वाटा तीन कोटी. तोही एकदम नाही, दहा वर्षांत हळूहळू वाढत जाणारा. तेव्हाचा लष्करी खर्च ३० कोटींच्या आसपास होता. म्हणजे फौजेवर दहा रुपये जात होते तिथे शाळेसाठी ते एक रुपया मागत होते, आणि तो फौजेतून कापा असंही विधेयकात नव्हतं. पैसा कमी पडला तर आयातीवरची जकात थोडी वाढवा, असंही त्यांनी सुचवलं.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबार भरला. बादशहांनी शिक्षणासाठी ५० लाखांची देणगी जाहीर केली. त्याच दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली आणि नव्या राजधानीचा सुरुवातीचा अंदाज होता ४० लाख पौंडांचा, म्हणजे सहा कोटी रुपयांचा. तो पुढे कितीतरी फुगला.

१८ आणि १९ मार्च १९१२ ला विधेयकावर चर्चा झाली. शिक्षण खात्याचे सभासद हारकोर्ट बटलर यांनी सरकारची बाजू मांडली. लोकांची तयारी नाही, प्रांतिक सरकारांना हे नको आहे, सक्तीशिवायच अजून पुष्कळ वाढ होऊ शकते, पैसा नाही. मदनमोहन मालवीय, महंमद अली जिना यांनी पाठिंबा दिला. पण काही हिंदी सभासदांनीही विरोध केला, हे मला जास्त टोचतं. खालचा वर्ग शिकला तर शेतावर आणि घरी राबणार कोण, ही भीती तेव्हाच्या बड्या लोकांत होती आणि ती फक्त गोऱ्यांचीच नव्हती. मतं पडली : बाजूने १३, विरुद्ध ३८. विधेयक फेटाळलं गेलं.

गोखल्यांना हे आधीच ठाऊक होतं. इंग्लंडमध्येसुद्धा १८७० चा शिक्षण कायदा होण्याआधी किती विधेयकं पडली ते त्यांनी सभागृहाला सांगितलं होतं. चर्चेच्या उत्तरात त्यांनी त्रागा केला नाही. हे काम पुन्हा पुन्हा मांडावं लागेल आणि आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच सेवा करणं आलं आहे, अशा अर्थाचं ते बोलले. १९११ च्या जनगणनेत वाचता-लिहिता येणारे लोक शंभरात सहाच्या आसपास होते. स्त्रिया शंभरात एक.

शरीर थकलं होतं. मधुमेह होता. तरी १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले, गांधींच्या लढ्याला बळ दिलं, मग सरकारी नोकऱ्यांच्या कमिशनवर काम करत राहिले. १९१४ मध्ये देऊ केलेला सर किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले. वय अठ्ठेचाळीस.

शाळेचं बिल पडून चार वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९१६ मध्ये, आयातीवरची सर्वसाधारण जकात पाच टक्क्यांवरून साडेसात टक्के झाली. गोखल्यांनी बोट दाखवलेला हाच तो मार्ग, पण पैसा हवा होता महायुद्धामुळे. पुढच्या वर्षी हिंदुस्थान सरकारने ब्रिटनच्या युद्धखर्चासाठी दहा कोटी पौंड, म्हणजे १५० कोटी रुपये द्यायचं मान्य केलं. वर्षाला तीन कोटी या हिशेबाने गोखल्यांच्या शाळांना ते पन्नास वर्षं पुरले असते.

त्याच १९१७ मध्ये, ज्या कोल्हापुरात गोपाळ आठ रुपयांत शिकला होता, त्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतात नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा करून घेतला. त्याचा साचा बराचसा गोखल्यांच्या विधेयकाचाच होता. सगळ्या देशासाठी, मुलामुलींसाठी एकच असा शिक्षण हक्क कायदा आला तो २००९ मध्ये, आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांच्या विधेयकापासून मोजलं तर नव्याण्णव वर्षांनी.